उंबरठ्यावरचा ठिपका

जवाहरनगरची शाळा, पाचवी ब.
फळ्यावर लिहिलं, तीनशे पाच भागिले दहा,
आणि उत्कर्षा पटकन म्हणाली, पस्तीस.
कसे गं?
शून्य उडवलं, बाई. तुम्हीच सांगितलेलं.

खरंच मीच सांगितलं होतं, गेल्या वर्षी.
दोनशे चाळीस, शून्य उडवा, चोवीस.
तास संपत आला होता,
खिचडीचा वास वर्गात शिरला होता,
आणि उत्तर तर बरोबर येत होतं.

मग खडू घेऊन मी खाली बसले.
गुडघा वाजला, पोरं हसली.
खिडकीपासून दारापर्यंत चार शहाबादी फरश्या,
त्यांवर चार अक्षरं : ह, श, द, ए.
पुढे उंबरठा.

शतकावर मिस्बाह, तीन.
एककावर उत्कर्षा, पाच.
मधे विश्वतेज, गंगावेशीच्या तालमीत जाणारा.
मी शून्य? बाई, माझं वजन बेचाळीस किलो हाय.
म्हणूनच तुला मधे ठेवलाय, म्हटलं,
तू हललास तर मिस्बाह घसरून दशकात येईल,
तीनशेची तीस होईल बिचारी.
त्यानं छाती फुगवली, पाय रोवले.

ठिपक्याला काय घ्यावं? खडू पुसला जातो.
शेवटच्या बाकावरून प्रेमसागर उठला,
खिशातून काढली कातड्याची एक टिकली,
बाभळीच्या सालीचा वास अजून तिला.
चपलेला भोक पाडलं की हे उरतं, बाई.
घरात लई पडल्यात.
उंबरठ्यावर ठेवली त्यानं ती, नीट मधोमध.
आणि राखणीला बसला.

आता दहाने भागा.
कुणी कुणाला उडवायचं नाही.
सगळ्यांनी मिळून एक घर उजवीकडे.

मिस्बाह दशकात आली, विश्वतेज एककात,
उत्कर्षाचा पाय मात्र उंबरठ्याशी अडला.
बाई, मी चुकले म्हणून बाहेर?
नाही गं. बाहेरही घरच आहे,
त्याचं नाव दशांश.
ती टिकली ओलांडून व्हरांड्यात उभी राहिली,
दप्तर सांभाळत, अर्धवट विश्वासानं.

तीस पूर्णांक पाच, पोरांनी वाचलं.
ठिपका सरकवू का? प्रेमसागरनं विचारलं.
नको. तो जागचा हलत नाही. हलतात ती माणसं.

तो गप्प बसला. मग बोटं न मोजता म्हणाला,
आईला दहा जोडांच्या वेण्यांचे
तीनशे पाच मिळतात.
म्हणजे एका जोडाला साडेतीस.
मी फळ्याकडे पाहिलं. आकडा मी सहजच निवडला होता.
बरोबर आहे, म्हटलं,
आणि पायांतली चपल जरा आत ओढून घेतली.

अजून एकदा, बाई! अजून दहाने!
उत्कर्षा पायरी उतरली,
विश्वतेज उंबरठा ओलांडताना वाकला,
आखाड्यात उतरताना वाकतो तसा.
तीन पूर्णांक शून्य पाच.
अजून एकदा!
आता उत्कर्षा पार अंगणात, नळापाशी,
ओरडून विचारतेय, मी अजून पाचच ना?
पाचच, पोरं ओरडली,
लांब गेलीस म्हणून चार नाही झालीस.

मिस्बाहही व्हरांड्यात गेली.
तिघं बाहेर उन्हात,
बाकीचे खिडकीच्या गजांना लटकलेले,
आणि आत चारही फरश्या मोकळ्या.
प्रेमसागरनं मान वर केली.
बाई, ठिपक्याच्या अलीकडं कोणच न्हाई.
असं कसं चालंल?

खडूचे हात पदराला पुसले
आणि एककाच्या फरशीवर
मी जाऊन उभी राहिले.